पात्र शिक्षक, आत यावे

मायक्रोबायोलॉजीत आपण दुसऱ्यांदा नापास झाल्याचं मावशींना कळलं तेव्हा त्या ऑटोक्लेव्हचं दार बंद करत होत्या. एका हाताने त्यांनी मोबाइलवर निकाल पाहिला आणि दुसऱ्या हाताने दाराचं चाक गरजेपेक्षा जास्तच आवळलं.

"किती?" शेजारच्या टेबलावर चिमटे पुसणाऱ्या सिस्टरने विचारलं.

"एकतीस."

"आणि पास व्हायला?"

"चाळीस. पण पेपर त्यांनी चुकीचा तपासलाय."

हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात मावशींना बावीस वर्षं झाली होती. ऑपरेशनला लागणारी प्रत्येक कात्री आणि प्रत्येक चिमटा त्यांच्या देखरेखीखाली ऑटोक्लेव्हच्या वाफेत जाई आणि जंतुरहित होऊन बाहेर पडे. विभागाच्या प्रमुख निवृत्त झाल्या की ती खुर्ची मावशींची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी वरून नियम आला की प्रमुखाला विज्ञानाची पदवी हवी. लोक मावशींच्या खांद्यावर हात ठेवून हळहळले. ते हळहळणंच त्यांना झोंबलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि एकेक विषय काढत आणला. राहिला तो नेमका मायक्रोबायोलॉजीचा. आता प्रमुखांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि परीक्षेला एकदाच बसता येणार होतं.

घरी आल्यावर त्यांनी उत्तरपत्रिकेची प्रत यजमानांसमोर टाकली. यजमान पाट्या रंगवायचे. सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं. पेंटरांनी चष्मा लावून वाचलं. 'वाफेने होणारे निर्जंतुकीकरण' यावर टीप लिहायची होती. मावशींनी चार पानं लिहिली होती. त्यात यंत्राच्या दाराचं रबर कुठून फाटतं, कुठले सर्जन ट्रेमध्ये कात्री परत ठेवत नाहीत, आणि नवीन आलेली पोरं कापडाची गाठोडी कशी कोंबून भरतात, हे सगळं होतं. समासात लाल शाईने दोनच शब्द होते: 'प्रश्न वाचा.'

"यात चूक काय आहे?" मावशी म्हणाल्या.

"काहीच नाही," पेंटर म्हणाले. ते अनुभवी नवरे होते. "पण त्यांना पुस्तकातलं लागतं. एखादा मास्तर लावून टाक."

"लावेन. पण पात्र हवा. तिथे बसून मला 'या वयात कशाला' विचारणारा नको."

पहिले आले ते सर सगळेच विषय शिकवायचे. त्यांच्या कार्डावर गणितापासून गिटारपर्यंत यादी होती आणि मायक्रोबायोलॉजी पेनाने नवीन लिहिलेलं होतं. मावशींनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "सर, वाफेत एकशे एकवीस अंशाला किती वेळ ठेवायचं?"

सरांनी गंभीरपणे विचार केला. "ते विद्यार्थ्याच्या कुवतीवर अवलंबून आहे," ते म्हणाले.

चहा संपायच्या आत मावशींनी त्यांना निरोप दिला.

दुसरा तरुण होता, आणि खरोखर हुशार. विद्यापीठाचं सुवर्णपदक होतं, ते तो डबीत घालून घेऊन आला होता. त्याने पंधरा मिनिटांत जंतूंच्या पेशीची भिंत अशी समजावली की पेंटर ब्रश खाली ठेवून ऐकत बसले. मग त्याने बोट जिभेला लावलं आणि मावशींच्या पुस्तकाचं पान उलटलं.

"थांबा," मावशी म्हणाल्या.

"काय झालं?"

"तुम्ही आत्ता कुठला विषय शिकवत होतात?"

सुवर्णपदक डबीत बंद करून तो निघून गेला. पेंटर हळहळले. "अगं, एवढा शिकलेला मुलगा. पान तर पान."

"पुस्तक माझं आहे," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी ते पान स्पिरिटने पुसलं. त्यामुळे जंतूंच्या पेशीची भिंत विरघळून गेली, म्हणजे आकृतीतली.

त्यानंतर आठवडाभर कुणीच आलं नाही. तेव्हा पेंटर म्हणाले, "मी पाटी करतो. फाटकावर लावू." मावशींनी एका चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला: 'मायक्रोबायोलॉजी शिकवण्यासाठी पात्र शिक्षक हवे आहेत. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात आत येऊन भेटावे.' आणि त्या ड्यूटीवर गेल्या.

पेंटरांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. 'हवे आहेत' हे शब्द त्यांच्या हातून कधी गेलेच नव्हते. त्यांच्या मते ते लाचार दिसत. शिवाय अक्षरं मोठी काढली की पत्रा कमी पडे. त्यांनी मजकुराची काटछाट केली आणि निळ्यावर पांढऱ्या, सावली दिलेल्या अक्षरांत पाटी उभी केली: 'मायक्रोबायोलॉजी. पात्र शिक्षक. सहा ते आठ. आत यावे.'

दुसऱ्या दिवशी मावशी कामावरून परतल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत दोन मुली आणि एक उंच मुलगा वह्या उघडून बसले होते. मावशींच्या अंगावर अजून हॉस्पिटलचा हिरवा गणवेश होता. तो पाहून तिघंही उभी राहिली.

"गुड इव्हिनिंग मॅडम."

"कोण तुम्ही?"

"क्लाससाठी आलोय. पाटी वाचली," लांब वेणीची मुलगी म्हणाली.

मावशी बाहेर गेल्या, पाटी वाचली आणि परत आत आल्या. पेंटर तोवर मागच्या दाराने रंग आणायला गेले होते.

"हे पाहा, मी शिक्षक नाही. मला शिक्षक हवाय. मी स्वतः या विषयात दोनदा नापास झाले आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही एकदाच," उंच मुलगा आदराने म्हणाला.

"म्हणून सांगते, जा."

"कुठे जायचं मॅडम?" वेणीवाली मुलगी म्हणाली. "वर्गात शंभर जण आहेत. प्रश्न विचारला की बाई म्हणतात, पुस्तकात आहे. पुस्तकात पाहिलं की तिथे म्हटलंय, शिक्षकांना विचारा."

मावशींना हे पटलं, कारण त्यांचाही अनुभव तोच होता. त्यांनी अट घातली. "शिक्षक मिळेपर्यंत बसा. पण प्रत्येकाने रोज एक तरी पात्र माणूस शोधायचा. आणि मला मॅडम म्हणायचं नाही."

शोध चालू राहिला. कुणी ओळखीच्या लॅबमधल्या माणसाला विचारलं, कुणी आत्याच्या नवऱ्याला. पात्र माणसाला वेळ नव्हता आणि ज्याला वेळ होता तो पात्र नव्हता. वाट पाहताना नुसतं बसून काय करायचं, म्हणून मुलं पुस्तक मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता अडली की मावशी बोलायच्या.

"बीजाणू म्हणजे काय, मला कळतच नाही," उंच मुलगा एकदा म्हणाला. "व्याख्या पाठ आहे."

"व्याख्या मला दे," मावशी म्हणाल्या, "आणि तू हे ऐक. काही जंतू संकटात स्वतःभोवती असं कवच करतात की पाणी उकळलं तरी मरत नाहीत. म्हणून दाबाखालची वाफ लागते. नुसत्या उकळीवर भरवसा ठेवणाऱ्याला मी माझ्या विभागात उभं करत नाही."

उलट, नावं सांगायची वेळ आली की वेणीवाली मावशींना धरून बसायची. मावशींना जंतूंचे गुण तोंडपाठ होते, नावं मात्र जिभेवर येत नसत. ग्राम पॉझिटिव्ह आणि ग्राम निगेटिव्ह त्या सतत उलटे करायच्या. शेवटी वेणीवालीने सांगितलं, "मावशी, जांभळा रंग दिला की काही जंतू तो धुतल्यावरही सोडत नाहीत. ते पॉझिटिव्ह. बाकीचे सोडतात, ते निगेटिव्ह."

"म्हणजे हट्टी ते पॉझिटिव्ह," मावशी म्हणाल्या. पुन्हा त्या कधी चुकल्या नाहीत.

महिन्याभरात मुलं सात झाली. गल्लीत बोलबाला झाला की पेंटरांच्या घरी मायक्रोबायोलॉजीचे कुणी फार मोठे सर येतात, पण ते दिसत नाहीत. ही बातमी कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या विभागप्रमुख बाईंच्या कानावर गेली. त्यांना आणखी एक माहिती मिळाली होती की त्या घरी शिकवणाऱ्या बाई त्यांच्याच हातून दोनदा नापास झालेल्या विद्यार्थिनी आहेत. एका संध्याकाळी साडेसहाला त्या तडक दारात येऊन उभ्या राहिल्या. सातही मुलं पुस्तकामागे गेली.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं. "तुम्ही स्वतःला पात्र शिक्षक म्हणवता?"

"मी नाही. पाटी म्हणते," मावशी जागेवरून न उठता म्हणाल्या. "पाटी यांनी रंगवली." पेंटरांनी स्टुलावर जरा अंग चोरलं.

"मग इथे शिकवतंय कोण?"

कुणीच हात वर केला नाही, कारण खरंच कुणाला सांगता येत नव्हतं.

"आम्ही पाच आठवडे पात्र शिक्षक शोधतोय," मावशी म्हणाल्या. "आता तुम्ही आलाच आहात तर बसा. शिक्षण?"

बाई इतक्या चकित झाल्या की त्यांनी उत्तर दिलं. "पीएच.डी."

"ऑटोक्लेव्हमध्ये गाठोडी कोंबून भरली तर काय होतं?"

"आतली हवा निघत नाही. वाफ मधल्या गाठोड्यापर्यंत पोचत नाही."

"बरोबर," मावशी म्हणाल्या. "हेच मी पेपरात लिहिलं होतं. तुम्ही शून्य दिलंत."

बाई खुर्चीवर बसल्या. "ते तुम्ही सर्जनच्या तक्रारीच्या मधोमध लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. मग पेंटरांनी चहा पुढे केला आणि बाईंनी हळूच सांगून टाकलं की कॉलेजातला ऑटोक्लेव्ह चार वर्षं बंद आहे. त्या मुलांना त्याचा फोटो दाखवतात.

"तुम्हाला आम्ही नेमलं असतं," मावशी म्हणाल्या.

"मला खासगी शिकवणी घ्यायला कॉलेजची बंदी आहे."

"मग तुम्हीही गेलात," मावशींनी यादीतून एक नाव खोडावं तशा सुरात सांगितलं. जाताना बाईंनी मावशींच्या वहीत उत्तराची मांडणी कशी करायची ते दहा ओळींत लिहून दिलं. ती शिकवणी नव्हती, असं दोघींनी एकमेकींना बजावलं. आणि प्रात्यक्षिक परीक्षा या वेळी हॉस्पिटलच्या यंत्रावर घ्यायची, हेही त्याच चहावर ठरलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मावशींनी रजा टाकली होती, पण यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायला विभाग तयार होईना. त्यामुळे गणवेश घालून त्यांनीच परीक्षेसाठी यंत्र लावलं. दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक आले, सगळीकडे नजर फिरवली आणि दाराच्या चाकाला हात घातला. दाबाचा काटा अजून वर होता.

"हात मागे घ्या," मावशी म्हणाल्या.

"मी परीक्षक आहे."

"वाफेला ते माहीत नाही."

परीक्षकांनी हात मागे घेतला. बराच वेळ काट्याकडे पाहिलं. "तुम्ही इथल्या इन्चार्ज का?"

"नाही. परीक्षार्थी. आठवा नंबर."

कॉलेजच्या विभागप्रमुख बाईंनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी यादी पाहिली, मावशींकडे पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. मग आठव्या नंबरला तोंडी परीक्षेत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दाब उतरण्याआधी दार का उघडू नये?"

"आत्ता तुम्ही उघडणार होतात. तुमचं काय म्हणणं आहे ते आधी ऐकते," मावशी म्हणाल्या. हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तीन महिन्यांची मेहनत आपण एका वाक्यात घालवली. पण मागे घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी ताठ मानेने उरलेलं उत्तर दिलं, बाईंनी लिहून दिलेल्या मांडणीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाही सर्जनचं नाव न घेता.

निकाल लागला. मावशींना लेखी परीक्षेत सत्तेचाळीस मिळाले आणि प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त. सातपैकी सहा मुलं पास झाली. उंच मुलगा तीन गुणांनी राहिला आणि दुसऱ्याच दिवशी वही घेऊन हजर झाला. पुढच्या महिन्यात मावशी विभागाच्या प्रमुख झाल्या. ज्यांनी खांद्यावर हात ठेवून हळहळ व्यक्त केली होती त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांनी पहिल्याच दिवशी गाठोडी कोंबून भरण्यावर लेखी बंदी घातली.

त्यानंतरच्या सोमवारी सहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. बाहेर ते परीक्षक उभे होते. सोबत विशीची, मान खाली घातलेली एक मुलगी होती.

"ही माझी मुलगी," परीक्षक खाली पाहत म्हणाले. "मायक्रोबायोलॉजी राहिलंय. मी घरी शिकवून पाहिलं. आमचं बोलणं बंद झालं. इथे पात्र शिक्षक आहेत असं कळलं."

"चुकीचं कळलं," मावशी म्हणाल्या. "अजून मिळालेला नाही. शोधतोय."

"मग?"

मावशींनी दार पूर्ण उघडलं. मुलीला आत, उंच मुलाशेजारी बसायला सांगितलं. परीक्षक सुटकेचा श्वास टाकून जायला वळले.

"तुम्ही कुठे निघालात?" मावशी म्हणाल्या. "तुम्हीही बसा. शिक्षण सांगा."