एकवीस दिवसांचा गुडघा

अकोटच्या करीमचाचा हाडवैद्यानं मला फसवलं. ऐन कापसाच्या हंगामातले माझे बारा दिवस लुबाडले. आणि ज्याच्या गळ्यात अमरावतीच्या बाजारात कुणी ओंजळभर ओला कापूस मारू शकत नाही, तो मी मुकाट फसलो.

चाचा माणसाशी बोलत नसे, दुखऱ्या सांध्याशी बोले. माणसाचं नावही विचारत नसे. त्याच्या ओसरीत कुणी गणपत नव्हता की कुणी इस्माइल नव्हता. तिथं एक खांदा होता, एक घोटा होता. "ओ खांदा, जेवन झालं का?" असं तो ओरडे आणि खाटेवरचा म्हातारा तेली निमूटपणे "हाव" म्हणे.

मी गुडघा झालो तो माझ्या स्वभावामुळं. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. त्याबरोबर वर कोरडा आणि खाली भिजवलेला कापूस भरायची अक्कलही गावोगाव आली होती. अकोटात कापूस खरेदी करताना अशाच एका गाडीवर चढून मी तळातला कापूस उपसला. ओला बोळा गाडीवानाच्या नाकापुढं नाचवला. "कापूस हाय का चिखल हाय रे हा?" म्हणून गरजलो आणि त्याच भरात एक पाऊल मागं टाकलं. मागं गाडी संपली होती.

गुडघ्याची वाटी सरकून भलतीकडं जाऊन बसली. चौघांनी खाटेवर घालून मला चाचाकडं नेलं.

मेंदी लावलेली दाढी, बोटं मात्र पैलवानाची. माझ्या तोंडाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "काहून रे, घर सोडून कुठं चालला?"

"चाचा, मी इकडे हाय, इकडे!" मी ओरडलो.

"मालक लय ओरडते तुहा," तो गुडघ्याला म्हणाला.

मी पायाला हात लावू देईना. तेव्हा त्यानं खांद्यावरचा रुमाल माझ्या हाताच्या पंजावर टाकला आणि आपला हात खाली घातला. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. चार माणसांत बोभाटा नको म्हणून रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. "माह्या पुतन्याचा कापूस हाय. घेता का?" म्हणत त्यानं पाच बोटं दाबली. पाच! दुखणं विसरून मी दोन दाबली. त्यानं चार दाबली. "चार? रुई इकतं का रेशीम?" मी ताडकन उसळलो. माझी टाच त्याच्या काखेत केव्हा गेली, त्याच्या दुसऱ्या हाताचा अंगठा वाटीवर केव्हा टेकला, मला पत्ता नाही. कट्ट वाजलं आणि मी सगळ्या अकोटाला ऐकू जाईल अशी बोंब मारली.

"पुतन्याचा कापूस कुठं हाय?" डोळे पुसत मी विचारलं.

"पुतन्याच नाही मले."

मग उडदाच्या पिठाचा लेप, बांबूच्या कामट्या आणि हुकूम: एकवीस दिवस हलायचं नाही. ओसरीसमोरूनच अकोल्याची वाट. दिवसभर कापसाच्या गाड्या जात, बैलांच्या घंटा वाजत आणि मी खाटेवर तडफडे. माझा माल दुसरेच उचलून राहिले होते. नवव्या दिवशी दुखणं पार थांबलं.

"चाचा, दुखत नाही आता. सोडा मले."

चाचानं गुडघ्याला कान लावला. "मालक खोटं बोलते म्हन्ते हा."

मी भांडू लागलो. पावसावरून, बैलांवरून, मिठावरून, जे सापडेल त्यावरून भांडलो. चाचा गुडघ्याकडं पाहतच उत्तर देई, पण एक शब्द खाली पडू देत नसे. माझं जेवण शेजारच्या पाटलाकडून येई. चाचा आपलं ताट घेऊन अंगणापलीकडं, पण बरोबर माझ्या तोंडासमोर बसे. मी पहिला घास घेतल्याशिवाय तो आपला उचलत नसे. त्याचा मुलगा लतीफ अकोल्यात गाड्या हाकी. दोन वर्षांत घरी आला नव्हता. "हंगाम सरला की येईन तो," चाचा म्हणे. हंगाम काही सरत नव्हता.

एकवीस दिवस भरून सुटलो. महिनाभरानं अमरावतीत एक पैलवान भेटला. त्याचीही वाटी सरकली होती, तोही चाचाकडंच गेला होता.

"किती दिवस ठेवलं तुले?"

"नऊ."

"मले एकवीस!"

पैलवान हसला. "तुमी भांडले असान. मी तोंडच उघडत नाही. नवव्या दिवशी चाचा कंटाळून म्हने, जाय घरी. तुमच्यासारख्याले कोन सोडते?"

माझं डोकं फिरलं. शिव्यांची जुळवाजुळव करत मी थेट अकोट गाठलं. ओसरी रिकामी होती. खांदा गेला होता, घोटा गेला होता. माझी खाट मात्र तिथंच होती, उशाला माझ्याच कामट्या. चाचानं मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"कुठं दुखते?" त्यानं घाईघाईनं विचारलं.

वाटेत जुळवलेल्या शिव्यांतली एकही आठवेना. "जरासा... गुडघाच," मी म्हणालो आणि खाटेवर बसलो.

"आला का रे?" तो गुडघ्याला म्हणाला. मग त्या धडधाकट गुडघ्यावर त्यानं हळूहळू, एकेक पट्टी सरळ करत, लेप बांधला. लेप थंड होता. मी मिठावरून भांडण काढलं.

लतीफ मला अकोल्याच्या बाजारात नेहमी दिसतो. दोन्ही गुडघे शाबूत आहेत त्याचे. माझ्या बारा दिवसांचा जाब मी आता त्याच्याकडं मागतो आहे. रुमालाखाली नव्हे, चार माणसांत, तोंडानं त्यानं सांगावं: अकोल्याहून अकोटची दीड दिवसाची वाट त्याला दोन वर्षांत का सापडली नाही?