आधी भांडण, मग करार

दर शनिवारी दुपारी आमच्या वरच्या मजल्यावर भांडण होतं. खुर्च्या सरकतात, कुणीतरी टेबलावर हात आपटतं, "तुझ्या मेव्हण्याला आधी आवर" असलं काहीतरी जिन्यावरून खाली येतं. तळमजल्यावर नवीन राहायला आलेल्या कुटुंबानं पहिल्याच शनिवारी पोलिसांना फोन केला होता. हवालदार वर गेला आणि येताना हसत आला. वर कुणाचंही डोकं फुटत नव्हतं. देवरे वकील करार लिहीत होते.

देवरे वकिलांनी कोर्टात जाणं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. नाशिकला मखमलाबाद नाक्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर, ते एकटे राहतात. पुढची खोली म्हणजे ऑफिस. पिठाची गिरणी टाकणारे, गावात वाचनालय काढणारे, शिवणकामाचा गट चालवणाऱ्या बायका, ज्यांना वकिलाची फी परवडत नाही अशा सगळ्यांची कागदपत्रं ते फुकट करून देतात. अट एकच. जे एकत्र काम करणार आहेत त्यांनी आधी त्यांच्यासमोर भांडायचं. "उद्याचं भांडण आज करा," हे त्यांचं पालुपद. "इथं फुकट होतंय. उद्या कोर्टात करायला गेलात तर म्हातारे व्हाल."

"आमच्यात भांडण होणारच नाही" म्हणणाऱ्यांना ते सरळ घरी पाठवतात. एकदा घोटीहून दोन मित्र आले होते, भागीदारीत मुरमुऱ्याची भट्टी टाकायची म्हणून. दोघंही इतके गुणी, की "तू सांग", "नाही, तू सांग" यातच अर्धा तास गेला. वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "पाटीवर आधी नाव कुणाचं?" थोड्याच वेळात एकाचा हात दुसऱ्याच्या कॉलरला. वकील खूश. भराभर लिहिता लिहिता म्हणतात कसे, "सावकाश, सावकाश, हे कलम चांगलं निघतंय." भट्टी अजून चालू आहे. पाटीवर गावदेवीचं नाव आहे.

या सगळ्यात माझा संबंध चहापुरता. वकिलांकडे गॅस आहे, पण चहा त्यांना जमत नाही. आवाज उतरला की मी कपांचा ट्रे घेऊन वर जायचं, हा रिवाज कधी पडला ते मलाही आठवत नाही. त्यात पुन्हा सूचना असते, "वहिनी, आलं जरा जास्त घालत जा, घसे बसलेले असतात."

गेल्या हिवाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून चौघी जणी आल्या. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करायच्या. त्यांच्या पापडांचं नाशकात नाव झालं होतं. पाकिटावर त्यांच्यातल्या थोरल्या यमुनाबाईंचा हसरा फोटो असायचा. आता एक व्यापारी मागे लागला होता, की पापड तुम्ही करा, पण विकायचे माझ्या नावानं. चौघींना आपलं नाव आपल्याकडेच ठेवायचं होतं. त्यासाठी भागीदारीचा करार आणि नावाची नोंदणी हवी होती, आणि तीही त्या व्यापाऱ्यानं काही खेळी करायच्या आत.

"भांडा," वकील म्हणाले.

चौघी पदर तोंडाला लावून हसल्या. "आमी नाय भांडत, साहेब," यमुनाबाई म्हणाल्या. "बहिनीवानी हाय आमी."

वकिलांनी आपले सगळे हुकमी प्रश्न टाकून पाहिले. चावी कुणाकडे, लग्नसराईत काम कुणी करायचं, उद्या कुणाची सून आली तर तिला गटात घ्यायचं का. सगळ्याला उत्तर एकच, "यमुनाबाई सांगंल तसं." सर्वांत धाकटी सुनंदा तर तेवढंही बोलत नव्हती. वकिलांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या शनिवारी यायला सांगितलं.

पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र माझं डोकं फिरलं. त्या बायका घाटातून एसटीनं हेलपाटे घालतायत, तिकडे व्यापारी टपून बसलाय, आणि हा माणूस भांडत नाहीत म्हणून त्यांना परत धाडतो. मी ट्रे टेबलावर आपटला. "वकीलसाहेब, पुरे झाला हा हट्ट. गोडीनं राहतात हा काय गुन्हा आहे?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. दारावर जुनी पाटी आहे, 'देवरे आणि शिंपी, वकील'. शिंपी वारले असावेत असंच बिल्डिंगमधले आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"शिंपी इथंच पंचवटीत राहतो," ते म्हणाले. "उमेदीची सगळी वर्षं आम्ही एकत्र वकिली केली. एकदाही भांडलो नाही. लोक आमचं उदाहरण द्यायचे. काहीही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, 'देवरे म्हणेल तसं.' एक दिवस त्यानं आपली पुस्तकं रिक्षात भरली आणि गेला. त्याला काय लागलं होतं, मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही." मग त्या चौघींकडे वळून म्हणाले, "एखादी फारच गप्प असली की मला भीती वाटते, बाई."

मग सुनंदानं खाली बघतच सुरुवात केली. "पाकिटावर यमुनाबाईचाच फोटू का? पापड मी बी लाटते." पुढं म्हणाली, "त्यो शेठ मला येगळा भेटला. म्हनला, तुझा फोटू टाकतो, तू माझ्याकडं ये. मी हो म्हननार व्हते."

यमुनाबाई उठल्या, सुनंदा उठली, उरलेल्या दोघी दोन्हीकडून बोलायला लागल्या. भाषा त्यांच्या डोंगराकडची, आणि वेग असा की वकील हातात पेन धरून नुसते बघत राहिले. "अहो, मला समजेल असं भांडा, कलम कसं लिहू?" पण त्यांच्याकडे लक्ष कुणाचं? शेवटी यमुनाबाई सुनंदाजवळ जाऊन बसल्या. दोघी रडल्या. चहा केव्हाच गार झाला होता. करार त्याच संध्याकाळी लिहून झाला. पाकिटावर चौघींचा फोटो, हे पहिलं कलम. शेठला नकार कळवायचं काम सुनंदानं स्वतः मागून घेतलं.

सह्यांची वेळ आली तेव्हा यमुनाबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमी भांडलो. आता तुमी. त्या शिंपी साहेबास्नी फोन लावा."

"तुमची एसटी चुकेल," वकील म्हणाले.

"चुकू द्या."

वकिलांनी नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. पलीकडून आवाज आला आणि अख्ख्या जिल्ह्याला भांडायला लावणारा हा माणूस नुसता उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "दत्तू, मी बोलतोय. जेवलास का?" दिवेलागणीची वेळ होती, जेवणाची नव्हे. पण पलीकडूनही काहीतरी उत्तर आलं असावं, कारण वकील खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग चौघींनी सह्या केल्या.

पुढच्या शनिवारी वर नेहमीसारखा आवाज चढला. पण या वेळी आवाज दोनच, आणि दोन्ही म्हाताऱ्यांचे. "माझ्या अशिलाला तू मला न विचारता शब्द दिलास." "मग तेव्हाच का नाही बोललास?" "तू बोलू द्यायचास का?" अंधार पडला तरी दोघं थांबेनात. मी आलं जास्त घालून चहा करून ठेवला होता. आवाज उतरायची वाट बघत दोनदा गरम केला. मग तो ओतून दिला आणि दोघांपुरती खिचडी टाकली.