वेलीवरचे दोन मामा

माझ्या बहिणीच्या, पल्लवीच्या लग्नात मी असं काही करून दाखवणार होतो की अख्ख्या नाशिकने वर्षभर नाव काढावं! २००८ साल होतं. मी कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात वेबसाइट बनवायचो, आणि चार वेबसाइट बनवलेल्या माणसाला आपण कलावंत आहोत असं वाटायला फारसा वेळ लागत नाही.

साखरपुड्याचे फोटो मी इंटरनेटवर टाकले. प्रत्येक फोटोखाली कुणीही मनात येईल तो शब्द लिहायचा. त्याला टॅग म्हणतात. माझा प्रोग्राम या शब्दांची द्राक्षाची वेल काढायचा. जो शब्द जास्त वेळा लिहिला, त्याचा घड मोठा. नवा शब्द आला की वेल नव्याने वाढायची, घडांच्या जागाही बदलायच्या, आणि माउस नेला की घड डुलत पुढे यायचा. दोन्हीकडच्या पोरापोरींनी आठवडाभर हौसेने शब्द लिहिले.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पडद्यावर वेल लावली. सगळ्यात मोठा घड 'जिलेबी'चा होता. लोक कौतुकाने बघत होते, मी कॉलर ताठ करून उभा! तेवढ्यात नवरदेवाचे मामा, वणीचे धनराजमामा, पडद्याजवळ गेले. लग्नपत्रिका हातात आली की आपलं नाव कितव्या ओळीत आहे ते आधी बघणारा माणूस!

"मनोजराव, जिलबी एवढी मोठी, अन् मी कुठं हाय?"

मी माउस नेऊन कोपऱ्यातला त्यांच्या नावाचा वाटाण्याएवढा मणी दाखवला.

"म्हंजे मी जिलबीपेक्षा बारीक! मी नाय फेटा बांधत!" मामा खुर्चीत बसले ते बसलेच.

मुहूर्त बारा सदतीसचा. मामांशिवाय नवरदेव बोहल्यावर जाईना. मी लॅपटॉपवर चाळीस फोटोंखाली 'धनराजमामा' लिहिलं. घड कलिंगडाएवढा झाला. मामांनी फेटा मागवला.

आता आमचे नांदगावचे गोरक्षमामा रुसले! पल्लवीला मांडवात आणायचा मान त्यांचा.

"मनोज, त्यांचं नाव एवढं, अन् तुझा सख्खा मामा दिसत बी नाय?"

"लिहितो, मामा!" त्यांचंही चाळीस वेळा लिहिलं. वेल नव्याने वाढली, आणि गोरक्षमामा वर, धनराजमामा खाली! धनराजमामांनी फेटा सोडला.

"ह्यांना वर कुणी ठेवलं?"

"मी नाही हो! प्रोग्राम आपला आपण ठरवतो."

"मग त्या प्रोग्रामला बोलवा इकडं!"

मी घाईघाईने आणखी एक शब्द लिहून वेल पुन्हा काढली. धनराजमामा वर! गोरक्षमामांनी चपला घातल्या. बारा पंचवीस झाले. भटजी घड्याळाकडे बघत होते, आई माझ्याकडे, आणि मला खरोखर रडू येत होतं. माझ्या हौसेपायी बहिणीचा मुहूर्त टळणार होता.

शेवटी पल्लवीच बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि प्रोजेक्टरची वायर उपटली.

"आता कुणीच वर नाही! चला मामा, दोघंही!"

नवरीपुढे कोण बोलणार? धनराजमामांनी फेटा उचलला, गोरक्षमामांनी चपला काढल्या. अक्षता वेळेवर पडल्या.

जेवणं झाल्यावर धनराजमामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनोजराव, चीज लय भारी हाय! आमच्या पोरीच्या, मोहिनीच्या लग्नात हीच वेल लावा."

माझं काळीज सुपाएवढं झालं!

"फक्त लोकांना लिहू देऊ नका. काय लिहायचं ते मी सांगतो."

मी खिशातून पेन काढलं. पहिलं नाव मात्र त्यांनी सांगायच्या आधीच लिहून टाकलं.