चार बोल्टांचा डबा

ग्रंथपालांची गाडी इस्पितळाच्या चढावर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा ती ढकलायला जे पाच जण धावून आले, त्यांतले दोघे दम्याचे रुग्ण होते. ग्रंथपालांची बायको त्याच इस्पितळात, श्वसनविकार विभागात परिचारिका होती. ती घाईघाईनं गाडीतून खाली उतरली.

"काका, तुम्ही सोडा हो! कालच तुमचा ऑक्सिजन काढलाय!"

"तुम्ही बसा, सिस्टर. मला आज बरं वाटतंय," काका म्हणाले आणि खोकत खोकत त्यांनी गाडी फाटकापर्यंत पोचवली.

"मेट्रननं आता लेखी खुलासा मागितलाय," बायको नवऱ्याला म्हणाली. "काय लिहू? रुग्णांनी ढकलत आणलं म्हणून उशीर झाला?"

गाडी विकायची सोय नव्हती. ती सासऱ्यांनी दिलेली होती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ली जावयाच्या हातावर ठेवली आणि त्यानंतर दर आठवड्याला ते तिची खुशाली विचारत. मुलीची नंतर.

ग्रंथपाल गॅरेजात गेले. तिथल्या मेकॅनिकला सगळे 'सर्जन' म्हणत, कारण आजार कुठलाही असो, त्याचा उपाय एकच असे. गाडीखाली डोकावून, सायलेन्सरच्या नळीवर दोनदा पाना आपटून त्यानं निदान केलं.

"कॅट चोंदलंय साहेब. इंजिनाला श्वासच सोडता येत नाही."

"कॅट म्हणजे?"

"हा डबा. धूर स्वच्छ करतो. नवीन घ्यायचा तर गाडीएवढी किंमत. त्यापेक्षा काढून टाकू. चार बोल्ट, सरळ नळी, अर्ध्या तासाचं काम. गाडी उडत जाईल."

"पण धूर?"

"धूर मागे जातो साहेब. तुम्ही पुढे बसता."

ग्रंथपालांचं आयुष्य पुस्तकं जागच्या जागी ठेवण्यात गेलं होतं. एखादी वस्तू काढून टाकणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी घरी विचारलं, आणि तीच चूक झाली.

"मी दिवसभर लोकांच्या तोंडाला मास्क लावायचे," बायको म्हणाली, "आणि माझ्याच नवऱ्यानं त्यांच्या नाकात धूर सोडायचा? कायद्यात तरी बसतं का हे?"

सासऱ्यांना फोनवर कळलं आणि तासाभरात ते बॅग घेऊन दारात हजर झाले. विज्ञान शिकवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर डब्याची आकृती काढली, बाण दाखवले आणि शेवटी विचारलं, "कळलं का जावईबापू? हे गाडीचं फुप्फुस आहे. फुप्फुस काढून माणूस धावेल का?"

"बाबा, पण फुप्फुस असूनही ती धावत नाहीये."

"म्हणून काढायचं?"

दुसऱ्या दिवशी बायको चढ पायीच चढली आणि तरी गाडीपेक्षा लवकर पोचली. ग्रंथपालांनी तोडगा सुचवला: डबा काढू, घरी जपून ठेवू, तपासणीच्या वेळी परत लावू. यावर बायकोनं बोलणं सोडलं. सासरे मात्र खाली जाऊन गाडीतच बसले. सकाळी वर्तमानपत्र घेऊन, दुपारी उशी घेऊन. जावई चोरून गाडी गॅरेजात नेईल, असा त्यांना संशय होता, आणि तो खरा होता.

चौथ्या दिवशी ग्रंथपालांचा धीर सुटला. मेट्रनचं दुसरं पत्र आलं होतं. ते गाडीत बसले, सासऱ्यांकडे न बघता किल्ली फिरवली आणि धापा टाकणारी गाडी थेट सर्जनच्या लिफ्टवर उभी केली.

"बाबा, उतरा."

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही."

"बसू द्या हो," सर्जन म्हणाला. "काकांचं वजन ते काय!" आणि त्यानं बटण दाबलं. सासरे वर जाऊ लागले. डोक्याएवढ्या उंचीवर लिफ्ट थांबली, तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कार्बन मोनॉक्साइडवर बोलायला सुरुवात केली. रस्त्यावरचे चार लोक थांबले. कोणीतरी इस्पितळात कळवलं असावं, कारण पाचव्या मिनिटाला बायको गणवेशातच येऊन उभी राहिली.

"वडलांना खाली घ्या आधी!"

"एकच बोल्ट राहिलाय ताई," खालून सर्जन म्हणाला. डबा सुटून त्याच्या हातात आला. त्यानं तो हलवला, डोळ्याला लावला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"साहेब, मला यातून समोरचं चहाचं दुकान दिसतंय."

डबा आरपार मोकळा होता. आत धूर गाळणारी जाळी असायला हवी, तिचा मागमूस नव्हता. सर्जननं कडेवरून बोट फिरवलं. "कापून, आतलं सगळं काढून, पुन्हा वेल्डिंग केलंय. गंज बघा. आठ-नऊ वर्षं झाली असतील."

वरचं भाषण एकदम थांबलं होतं. तिघांनीही मान वर केली.

"बाबा," बायको म्हणाली, "आठ वर्षांपूर्वी गाडी कोणाकडे होती?"

"मला आधी खाली घ्या."

"आधी बोला."

"घाई होती गं," वरून बारीक आवाज आला. "गाडी चढेना. वाटेतला एक मेकॅनिक म्हणाला, दहा मिनिटांत मोकळी करतो. माझं व्याख्यान होतं."

"कशावर?"

सासऱ्यांनी मान खिडकीतून आत घेतली.

"हवेवर," सासरे म्हणाले.

"आणि दर वेळी तपासणीत पास कशी होते ही?"

"तपासणीवाला माझा विद्यार्थी आहे. मान ठेवतो."

ग्रंथपालांना हसावं की रडावं कळेना. "पण डबा रिकामा, मग चोंदलंय काय?" त्यांनी सर्जनला विचारलं. सर्जन खाली बघत शिडी घेऊन आला, बॉनेट उघडून त्यानं हवेचा फिल्टर बाहेर काढला. तो झाडूच्या बुडख्यासारखा झाला होता. झटकल्यावर त्यातून एवढी धूळ उडाली, की रस्त्यावरचे चौघे शिंकत पांगले.

"हा बदलला की झालं," तो पुटपुटला.

"फिल्टर बदला, आणि कॅटही नवीन बसवा," बायको म्हणाली. "आतून भरलेलं."

"नवीन?" सासऱ्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "अगं, आठ वर्षं त्यावाचून अडलं का काही? उगाच ओढ कमी होईल. जावईबापू, तुम्ही तरी समजावा हिला!"

ग्रंथपालांनी शांतपणे सर्जनकडे वळून विचारलं, "नवा डबा यायला किती वेळ?"

"गोदामातून मागवतो. तीन तास."

"मागवा," ग्रंथपाल म्हणाले. "तोवर लिफ्ट राहू दे अशीच."