आप्पांचा दर्या

आमच्या नंदुरबारात सकाळी भेटल्यावर लोक एकमेकांना "चहा झाला का?" विचारतात. रघुनाथआप्पा काही विचारत नाहीत, ते जाहीर करतात. सकाळी ओट्यावर येतात, चष्मा नाकावर चढवतात, माझ्या झेरॉक्सच्या दुकानाकडे तोंड करतात आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडतात, "भो, आज दर्या खवळेल शे! होड्या बाहेर काढू नका!"

होड्या म्हणजे समोरच्या स्टँडवरच्या रिक्षा आणि माझी जुनी स्कूटर. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो फक्त मोबाइलवर पाहिलाय. पण रिक्षावाले आता सरावलेत. एखादा गंभीर चेहऱ्याने विचारतो, "आप्पा, मंग दोंडाईचानं भाडं लेऊ का नको?" आप्पा आभाळाकडे बघतात, मोबाइलकडे बघतात आणि म्हणतात, "ले. पन किनारा धरीसन जाय."

आप्पांचा धंदा मिरचीचा. शहराबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मोकळं मैदान. हंगामात ते मैदान लालभडक होतं आणि आप्पा संध्याकाळी घरी आले, की त्यांच्या नुसत्या सदऱ्याने आम्हा शेजाऱ्यांना शिंका सुटतात. अशा कोरड्याठाक धंद्यातला हा माणूस रोज मच्छिमारांसाठीचा हवामानाचा इशारा वाचतो. तोही मनात नाही. शाळेत कविता म्हणतात तशा सुरात, छापील मराठीत वाचतो, "किनारपट्टीलगत समुद्र मध्यम ते खवळलेला राहील," आणि मग आम्हा अडाण्यांसाठी त्याची अहिराणी करून सांगतो.

हे वाचून वाचून आप्पांनी सगळं जगच समुद्राच्या मापाने मोजायला घेतलं. शांत, मध्यम, खवळलेला, अति खवळलेला. बाजार समितीत भाव पडले की "मध्यम". नळाला पाणी आलं नाही की गल्ली "खवळेल". एकदा मी वर्तमानपत्र परत द्यायला त्यांच्या दाराशी गेलो, तर आप्पा बाहेरच उभे. मला दारातच अडवून हळूच म्हणाले, "मजार नको जाऊ. तुन्ही काकू आज मध्यम ते खवळेल शे. वारा वायव्येकडून." वायव्येला स्वयंपाकघर होतं. आतून काकूंचा आवाज आला, "घरमा माठमा पानी नही, आन् ह्यास्ले दर्यानी चिंता!" आप्पा म्हणाले, "दखं? लाटा उठी ऱ्हायन्यात."

इशारा आला की ते तो स्वतःही पाळतात, हा मोठा ताप. भाचीचं लग्न तळोद्याला होतं. वाटेत तापीचा पूल. त्या दिवशी मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा होता, म्हणून आप्पा जीपमधून खाली उतरले. काकू शालू नेसून बसलेल्या, हातात आहेर. "आपन मच्छी धराले चालनूत का?" त्या कडाडल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "तापी कोठे जास? दर्यालेच भेटाले जास ना? मंग?" शेवटी वऱ्हाड पुलावरून गेलं आणि आप्पा घरी बसून शेवभाजी खात बसले. मामाविना लग्न लागलं. भाची अजून त्यांना नमस्कार करताना आधी विचारते, "मामा, आज दर्या कसा शे?"

आणि गंमत अशी, की आप्पांनी समुद्र कधी पाहिलेलाच नाही. मिरचीच्या कामाने सुरतेला शेकडो वेळा गेले असतील. तिथले व्यापारी म्हणाले, चला आप्पा, संध्याकाळी चौपाटीवर फिरवून आणतो. आप्पांनी सरळ स्टेशन गाठलं आणि घराकडे येणारी भुसावळ गाडी धरली. मला म्हणाले, "त्यानं तोंड माले दखनं नही."

माणसाचं समुद्राशी असं भावकीचं भांडण का असावं? कारण साऱ्या गल्लीला माहीत आहे. ते कोणालाच माहीत नाही असं फक्त आप्पांना वाटतं.

आप्पांना एकच मुलगी, रूपाली. हुशार, धीट आणि बापासारखीच हट्टी. मिरचीच्या धंद्यात ती बापाचा उजवा हात होईल असं सगळे धरून चालले होते. तिने बारावीनंतर जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण घेतलं. आज ती मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. आमच्याकडे मुलगी पुण्याला गेली तरी लोक स्टेशनवर रडतात, ही तर पाण्यावर राहायला निघाली. आप्पांनी समजावलं, रागावले, दोन दिवस जेवले नाहीत. पोरगी बधली नाही. निघताना ती पाया पडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जमीनवर ऱ्हावानं व्हई तवय मन्हासंगे बोल." त्या दिवसापासून बापलेकींचं बोलणं बंद.

ती सुट्टीवर येते तेव्हा त्या घरातली जेवणं बघण्यासारखी असतात. मी दोनदा पाहिलीत. दोघं समोरासमोर ताटावर, मध्ये काकू. आप्पा भिंतीला सांगतात, "तिले सांग, कढी चांगली हुयनी, अजून ले." रूपाली आईला सांगते, "आप्पास्ले सांग, त्यास्नं ब्लडप्रेशर शे, लोणचं कमी खावा." काकू म्हणतात, "मी काय टपालखातं शे का?" आणि दोघांच्याही ताटात भाकरी आपटतात.

तिचा फोन काकूंच्या मोबाइलवर येतो. तो आला की आप्पा रागाने उठून ओट्यावर येतात. येतात आणि बरोबर खिडकीखाली बसतात. तेवढ्यात मी काही बोलायला गेलो, तर माझ्यावरच डोळे वटारतात.

एकदा मात्र मला राहवलं नाही. गुजरातच्या किनाऱ्याला इशारा होता आणि आप्पा सकाळपासून उपाशी फेऱ्या मारत होते. काकूंकडून मला कळलेलं, की रूपालीचं जहाज तेव्हा ब्राझीलला लागलंय. मी म्हणालो, "आप्पा, तिचा समुद्र वेगळा, तुमचा वेगळा. जेवून घ्या."

"तुले कोनी सांगं मी तिन्हासाठे वाचस?" ते उसळले. अति खवळलेला. मी कागदांचे गठ्ठे लावायला लागलो. बऱ्याच वेळाने ते काउंटरशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तठला दर्यानं आपले मराठीमा कोन सांगस भो? जे मिळस ते वाचस मी." मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी त्यांना भूगोल शिकवायला गेलो नाही.

गेल्या हंगामात मात्र दर्या आणि पोर एकाच जागी आले. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि रूपालीचं जहाज नेमकं गुजरातच्या बंदराकडे येत होतं. त्या सकाळी आप्पा ओट्यावर आले, चष्मा लावला आणि काहीच न बोलता पथारीवर निघून गेले. रिक्षावाले एकमेकांची तोंडं बघत राहिले. दुपारी काकूंनी माझ्या हातात डबा दिला. "उपाशी ग्यात. तेवढा दी या. पोरना फोन सकायपासून लागत नही, हाई त्यास्ले सांगू नका."

मी पथारीवर पोचलो तेव्हा पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं होतं. आजूबाजूच्या पथाऱ्यांवर धावपळ उडालेली. मिरची वाळत आलेली असताना पाऊस पडला की माल काळा पडतो, बुरशी धरतो, वर्षाची मेहनत गेली समजायची. आप्पांच्या मैदानात डोंगरातल्या मोलगीकडच्या मजूर बाया भराभर मिरची ओढून ढीग करत होत्या. ताडपत्र्या मात्र खोलीत कुलूपबंद, आणि किल्ली आप्पांच्या खिशात. बायांची मुकादम जेमाबाई त्यांच्यासमोर हात पसरून ओरडत होती, "शेठ, चावी द्या! चावी!"

आप्पा पोत्यावर बसले होते. हातात मोबाइल. त्यांना जेमाबाई दिसत नव्हती, ढग दिसत नव्हते, मी दिसत नव्हतो. मी खांदा हलवला तेव्हा म्हणाले, "बंदरमा जागा नही. वारा शे म्हनीसन मजार लेत नहीत. जहाज दर्यामाच उभं शे." हे त्यांना कुठून कळलं होतं, देव जाणे. आदल्या रात्रीच्या फोनच्या वेळी खिडकीखालीच कळलं असणार.

"आप्पा, चावी," मी म्हणालो. पहिले थेंब पडले.

त्यांनी खिशात हात घातला नाही. मोबाइलवर एक नंबर दाबला, कुठेही न बघता, एकेक आकडा तोंडपाठ. इतकी वर्षं न बोललेल्या माणसाला तो नंबर असा पाठ होता. फोन लागला नाही. पुन्हा दाबला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावलेला, त्यामुळे पलीकडची घंटी आम्हा सगळ्यांना ऐकू आली. मग वाऱ्याचा घूं घूं आवाज आणि त्यातून, "आप्पा?"

आप्पांनी घसा खाकरला आणि तोच शाळेतला सूर लावला, "दक्षिण गुजरात किनारपट्टीलगत समुद्र खवळलेला ते अति खवळलेला राहील. मच्छिमारांनी—"

"आप्पा," पलीकडून हसू आलं, थोडं ओलं, "मी दर्यामाच शे. माले दिसस तो. काही व्हनार नही, मोठं जहाज शे."

"जेवनी का?"

"जेवनू. आप्पा, तुम्ही मिरची झाकी का? नंदुरबारवर पानी येनार शे. मी कोठे बी ऱ्हायनू तरी रोज आपला गावनं हवामान दखस. झाकी ना?"

तोवर पाऊस जोरात सुरू झाला होता. ढीग भिजत होते, मधून लाल पाणी वाहत येऊन आप्पांच्या चपलांना लागत होतं. बाया होत्या तिथेच थबकल्या. जेमाबाईचा हात अजून चावीसाठी पसरलेला. खोटं बोलायला आप्पांना कधी जमलेलं नाही, मिरचीत एक काळी निघाली तरी ते स्वतः गिऱ्हाईकाला दाखवतात.

"झाकी बेटा," आप्पा म्हणाले. "कवयच झाकी. एक बी वली हुयनी नही."

आणि कोणी काही बोलू नये म्हणून आम्हा सगळ्यांकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.