चारशे बारा ढोलीकर

एका जंगलात, पोरांनो, आडनावं मोजायची टूम निघाली. सिंहाला दुसरं काम नव्हतं. त्याने फर्मान काढलं, "ज्या आडनावाची पाच डोकी भरणार नाहीत, ते आडनाव बंद. त्याची राहती जागा जप्त!"

झालं! भिकूच्या शेपटीचा झाडू झाला.

भिकू म्हणजे उदमांजर. पूर्ण नाव भिकू ढोलीकर. ऐनाच्या जुन्या झाडातल्या ढोलीत राहायचा. आणि अख्ख्या जंगलात ढोलीकर एकच. तोच.

तो पळत भारद्वाज पक्ष्याकडे गेला. घराण्यांचे कुलवृत्तांत लिहायचं काम भारद्वाजाकडे. गोत्राची खडान्‌खडा माहिती. माहीत नसेल तिथे जास्तच.

"भारद्वाजकाका, ढोली जाईल हो माझी! अजून चार ढोलीकर शोधा."

"आधी मूळ सांग. आडनाव आलं कुठून?"

"माझा आजा पावसात भिजला. ढोलीत शिरला. ऊब लागली, बाहेर निघालाच नाही. म्हणून ढोलीकर."

"एवढंच?" भारद्वाजाने कपाळावर पंख मारला. "अरे, असलं आडनाव फुकटसुद्धा कुणी घेणार नाही. थांब."

आणि त्याने लिहिलं : 'ढोलीकर घराणे मूळचे सात डोंगरांपलीकडचे. मूळपुरुष महापराक्रमी. त्यांनी सिंहमहाराजांच्या पणजोबांना वणव्यातून वाचवून ढोलीत लपवले.'

"काका, सिंह मावेल का ढोलीत?"

"इतिहासात सगळं मावतं. गप बस."

वृत्तांत रातोरात जंगलभर झाला. दुसऱ्या दिवशी ससा आला. "आमची आजी मरताना 'ढो... ढो...' म्हणाली होती. आत्ता कळलं!" मग बेडूक आले. मग वानरं. शेवटी गवा आला. बैलाच्या दीडपट.

"आम्हीपण ढोलीकर," गवा म्हणाला.

"तुम्ही? ढोलीत?" भिकूच्या तोंडून निसटलं.

"का रे? तेव्हा झाडं मोठी होती!"

भिकूने हात जोडले. आपल्याला काय, पाच डोकी भरल्याशी मतलब.

लांडगा मोजायला आला. चारशे बारा ढोलीकर! त्याने तिथल्या तिथे वाचून दाखवलं : सर्वात दाट वस्ती तळ्याकाठी, त्यातले निम्मे बेडूक. डोंगरावर विरळ. झाडांच्या ढोलीत राहणारे ढोलीकर : एक.

भिकूची ढोली वाचली. तो आनंदाने फांदीवरून तीनदा पडला.

मग ठरलं कुलसंमेलन. जागा कुठली? ऐनाचं झाड. अध्यक्ष कोण? गवा. सगळ्यांच्या छातीला पळसाचं पान टोचलेलं, त्यावर 'अस्सल ढोलीकर'. भिकू सकाळी आळोखेपिळोखे देत ढोलीतून उतरला, तर खाली रांग. रांगेच्या तोंडाशी ससा.

"पान कुठाय तुमचं?"

"अरे, मी भिकू! ही ढोली माझी!"

गवा पुढे आला. "राहतोस म्हणजे भाडेकरू असशील. अस्सल ढोलीकर सात डोंगरांपलीकडून आले. तू कुठून आलास?"

"मी कुठून येणार? मी इथलाच!"

"ऐकलंत?" गवा गरजला. "स्वतःच्या तोंडाने कबूल झाला!"

टाळ्या पडल्या. भिकूने भारद्वाजाकडे पाहिलं. "काका, तुम्ही तरी सांगा ना!"

भारद्वाजाने घसा खाकरला. "लिहिलंय ते लिहिलंय, बाळ. चारशे अकरा जणांचं मन कसं मोडू?"

ठराव झाला. ढोली म्हणजे घराण्याचं मूळस्थान, तिथे कुणी राहायचं नाही, लांबून नमस्कार करायचा. भिकूचं बोचकं खाली आलं. बोचक्यामागून भिकू.

पुढच्या मोजणीला लांडग्याला तो करवंदीच्या जाळीत सापडला.

"आडनाव?"

भिकूने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "जाळीकर."

"मूळ कुठलं?"

"मूळबीळ काही नाही साहेब. काटे आहेत नुसते. तेच लिहा."

"डोकी किती?"

"एक."

"एक? मग आडनाव बंद होणार तुझं."

"करा की बंद!" भिकू जाळीत आणखी आत सरकला. "चालू ठेवलं की फार भाऊबंद येतात."

तात्पर्य : पोरांनो, खोटं बोलू नये असं गुरुजी सांगतात, ते सोडून द्या. खोटं खुशाल बोला. फक्त त्यात आपल्याला राहायला एक कोपरा आधी लिहून घ्या. खऱ्यात जागा असते, पण ती कुणी मानत नाही.