चार नंबरचा डबा

"जग खोटं बोलेल, माझा काटा बोलणार नाही." हे वाक्य काटेवाले साहेब आठवड्यातून दोनदा तरी म्हणायचे. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. ते बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायला घेत आणि मग नमस्कार करत. घरात न्हाणीघराबाहेर माणसांचं वजन करायचा एक तबकडीचा काटा होता. त्यालाही साहेबांनी खात्याची चिठ्ठी डकवली होती, 'तपासला, बरोबर आहे', आणि खाली सही. घरच्या काट्याला सही कशाला, असं बायकोनं विचारलं तेव्हा ते नुसतेच हसले होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हसण्याजोगं फार थोडं मिळालेलं असतं, म्हणून तिनंही पुढे काही विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र साहेब दमले होते. त्यांची जुनी गाडी घरामागच्या शेडमध्ये नऊ महिने पोट उघडून पडली होती. इंजिन नव्यानं बांधायचं असं त्यांनी मोठ्या हौसेनं ठरवलं होतं. आता हौस संपली होती आणि इंजिन शिल्लक होतं.

त्यातच सासूबाई राहायला आल्या. त्यांचा गुडघा बदलायचा होता. सर्जननं सांगितलं होतं, वजन ऐंशी आहे, बहात्तरच्या खाली आणा, दोन महिन्यांनंतरची तारीख देतो. ही चुकली तर पुढची सहा महिन्यांनी. सासूबाईंना घरातल्या घरात चालताना भिंतीचा आधार लागायचा. सहा महिने म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हा साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, "आई, तुम्ही फक्त वजन उतरवा. दवाखान्यात मी तुम्हाला आपल्या गाडीतून नेणार."

आता गाडी उभी राहणं भागच होतं. मिस्त्री रविवारी येऊन कामाला लागला. इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, आठ व्हॉल्व्ह आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एक स्प्रिंग. व्हॉल्व्ह उघडला की त्याला परत जागेवर बसवायचं, एवढंच तिचं काम. जुन्या स्प्रिंगा जरा थकल्यात, तशाच साध्या नव्या आणून टाकू, असं मिस्त्री म्हणाला. पण साहेबांनी नऊ महिन्यांत वाचन भरपूर केलं होतं. त्यांना सुधारित, कडक स्प्रिंगा हव्या होत्या.

मिस्त्रीनं हात पुसले. "साहेब, कडक स्प्रिंगा शर्यतीच्या गाडीला लागतात. तुम्ही चाळीसच्या पुढे कधी गेलात?"

हे साहेबांना लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी तीन प्रकारच्या नव्या स्प्रिंगा मागवल्या: साध्या, कडक आणि फार कडक. तुलनेला जुन्याही घ्यायच्या ठरल्या. चाचणी खात्याच्या शिस्तीनं होणार होती. मिस्त्रीनं सगळ्या स्प्रिंगा रॉकेलमध्ये धुऊन, तेल लावून, सारख्या चकचकीत करून चार डब्यांत भरायच्या. डब्यांवर फक्त आकडे. कुठल्या डब्यात काय, याची यादी पाकिटात घालून पाकीट लाखेनं बंद. तपासणाऱ्याला नाव कळलं की नजर भ्रष्ट होते, असं साहेबांचं मत होतं. मिस्त्रीनं लाख या आधी कधी पाहिलीसुद्धा नव्हती.

स्प्रिंग किती वजनाला दबते ते मोजायला काटा हवा. ऑफिसचा काटा घरी आणणं नियमात बसत नव्हतं. म्हणून एका दुपारी, सासूबाई मैत्रिणीकडे जेवायला गेलेल्या आणि बायको झोपलेली असताना, न्हाणीघराबाहेरचा काटा गुपचूप शेडमध्ये आला. ड्रिलच्या स्टँडखाली काटा, काट्यावर स्प्रिंग, आणि वरून दांडा ठरलेल्या खुणेपर्यंत ओढायचा. पुस्तकात लिहिलं होतं, सुधारित इंजिनाची चांगली स्प्रिंग ब्याऐंशी ते नव्वद किलो दाखवते.

एक नंबरच्या डब्यातली स्प्रिंग एकोणऐंशीवर थांबली. "ह्या जुन्या," साहेब म्हणाले. मिस्त्रीनं तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. दोन नंबरची स्प्रिंग ओढताना काट्याची सुई शंभर ओलांडून, एकशेवीसचा शेवटचा आकडा ओलांडून पार पलीकडे गेली आणि काट्याच्या पोटात काहीतरी 'कट्ट' वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुई परत शून्यावर आली होती, म्हणून साहेबांनी विषय वाढवला नाही. तीन नंबरनं एकशे बारा दाखवले, फार झाले. चार नंबरची स्प्रिंग बरोबर चौऱ्याऐंशीवर येऊन थांबली.

"झालं," साहेब म्हणाले. "चार नंबर बसवा."

"पण साहेब, चार नंबर म्हणजे..."

"नाव सांगायचं नाही. काटा बोलला."

मिस्त्रीला दिवसाचे पैसे मिळत होते. त्यानं चार नंबर बसवल्या, हेड आवळलं आणि पाकीट कपाटावर ठेवून दिलं. एक नंबरमधल्या 'जुन्या' आठ स्प्रिंगा साहेबांनी ऑफिसात नेल्या आणि टेबलावर उभ्या करून त्यांत पेनं खोचली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, बघा, वापरून वापरून लोखंडसुद्धा थकतं.

काटा धुऊनपुसून जागेवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर सासूबाई उभ्या राहिल्या. आदल्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर होत्या, आता शहाऐंशी. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मैत्रिणीकडे त्यांनी चोरून दोनदा गोड घेतलं होतं. ते असं रातोरात अंगावर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण काट्यावर जावयाची सही होती. त्या दिवसापासून त्यांनी उकडलेला दुधी धरला. सकाळी दुधी, संध्याकाळी दुधी, मीठसुद्धा नको.

मग बायको उभी राहिली. तिचं वजन सहा किलोनं वाढलं होतं. साहेबांचं सात. काटा बिघडला तर नाही ना, असं सासूबाईंनी एकदा दबकत विचारलं. साहेबांना तो सगळ्या खात्याचा अपमान वाटला. काटा खोटं बोलत नाही, असं ते बायकोकडे बघत म्हणाले, आणि पुढचे चार दिवस बायको त्यांच्याशी बोलली नाही.

तो 'कट्ट' आवाज ते विसरले होते असं नाही. एकदा तर त्यांनी ऑफिसातून वीस किलोचं प्रमाणित वजन घरी आणलं, नियम मोडून. आणून खाटेखाली ठेवलं. काट्यावर ठेवायला दोन मिनिटं लागली असती. पण काटा चुकीचा निघाला तर स्प्रिंगांची निवडही चुकीची, आणि मग आवळलेलं हेड परत उघडायचं. त्या विचारानंच त्यांचे खांदे दुखायला लागायचे. उद्या बघू, असं म्हणत ते पाच आठवडे त्या वजनावर झोपले. पलीकडच्या खोलीत सासूबाई दुधी चावत असायच्या, आणि साहेबांना तो आवाज भिंतीतून ऐकू यायचा. मनाला लागायचा, पण उठवत नसे.

तारखेच्या दिवशी सकाळी घरचा काटा शहात्तरवर अडला. चार किलो जास्त. सासूबाई स्टुलावर बसून लहान मुलीसारख्या रडल्या. आता सहा महिने, म्हणाल्या. जाऊन विचारून तर बघू, म्हणत बायकोनं त्यांना गाडीत बसवलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. साहेब अडतीसच्या वेगानं, डाव्या बाजूनं जात होते. स्प्रिंगांचा जोर जाणवतो की नाही, असं त्यांनी दोनदा विचारलं. एक सायकलवाला पुढे निघून गेला.

दवाखान्यात नर्सनं वजन केलं आणि सांगितलं, एकोणसत्तर.

सासूबाई उतरल्या, चपला काढल्या, परत चढल्या. एकोणसत्तरच. सर्जननं रक्ताचा कागद बघितला आणि चष्मा काढला. वजन उत्तम उतरलं होतं, पण अंगात रक्त नव्हतं. असं उपाशी राहायला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. "काट्यानं," सासूबाई म्हणाल्या. आता पंधरा दिवस पोटभर खायचं आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. सहा महिने टळले म्हणून बायकोनं सुस्कारा सोडला.

परतीच्या वाटेवर त्यांनी सगळं सांगून टाकलं. ड्रिलचं स्टँड, कट्ट, खाटेखालचं वजन. सांगताना गाडी तिसावर आली.

"म्हणजे मी तुमच्या स्प्रिंगांसाठी उपाशी राहिले," सासूबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, अगदी शांतपणे: "पण जावईबापू, त्याच काट्यावर निवडलेल्या ना त्या? मग आता ह्या गाडीत आहे तरी काय?"

घरी पोचल्यावर साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर लाख फोडली. मिस्त्रीच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: एक, साध्या नव्या. दोन, फार कडक. तीन, कडक. चार, साहेबांच्या जुन्या.

"मी सांगत होतो," मिस्त्री म्हणाला. "नव्या कुठे आहेत? पंधरा दिवस आहेत, बसवू."

"ऑफिसात. पेनं खोचलीत."

मिस्त्रीनं इंजिनाला जरा वेळ कान लावला. मग म्हणाला, "राहू द्या तिथंच. चाळीसनं जाणार असाल तर ह्या तुमच्या रिटायरमेंटपर्यंत पुरतील."

संध्याकाळी साहेबांनी खाटेखालचं वजन ओढून काढलं आणि काट्यावर ठेवलं. बावीस. त्यांनी खात्याचा जप्तीचा फॉर्म घेतला आणि जेवणाच्या टेबलावर बसून भरला. मालकाचं नाव: स्वतःचं. शेवटचं प्रमाणित करणारा निरीक्षक: स्वतःच. नाकारण्याचं कारण: काट्यातली स्प्रिंग थकलेली. दंडाच्या रकान्याशी मात्र त्यांचं पेन थांबलं.

समोर सासूबाई डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पोटभर जेवत होत्या. त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला, चष्मा लावून वाचला आणि त्या रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं. साहेबांनी मुकाट्यानं लिहून घेतलं: उकडलेला दुधी, बिनमिठाचा, पाच आठवडे.